शाळेच्या भिंतीवरची रंजी

२ जाने., गुरुवार
लोहाऱ्याकडच्या एका गावातल्या शाळेचं काम धरलं. बेंबळीतून गाडीवर तासभर. थंडी अशी की पोचल्यावर बोटं वळेनात. पाच मिनिटं उन्हात हात धरून उभा राहिलो, मग ब्रश.
गाव त्र्याण्णवच्या भूकंपानंतर वसवलेलं. रुंद रस्ते, पट्टीनं आखल्यासारखी घरं. मुख्याध्यापिका मोरेबाई लोहाऱ्यातून स्कूटीवर येतात. आल्या आल्या यादी हातात दिली: जलचक्र, महाराष्ट्राचा नकाशा, बारा महिने, शरीराचे अवयव, आणि रस्त्याकडच्या लांब भिंतीवर 'शाळेत चाललेली मुलं', पाच. सव्वीस जानेवारीच्या आत सगळं पाहिजे म्हणाल्या.
आज नुसतं घासकाम आणि प्रायमर. डब्यात वेळ अमावस्येच्या सणातल्या शेंगापोळ्या, अजून पुरतायत.
समोर लिंबाच्या पारावर एक बाई दिवसभर बसून होत्या. साठीच्या पुढच्या. हाताला काम नाही, कुणाशी बोलणं नाही. नुसती शाळा बघतात.

४ जाने., शनिवार
जलचक्र झालं. समुद्र मी आयुष्यात दोनदा बघितला, भिंतीवर किती वेळा काढला त्याला गणती नाही.
दुपारी लांब भिंतीवर पोरांची आखणी केली खडूनं. ही पाच पोरं मला डोळे मिटून येतात. पोरींना दोन वेण्या, लाल रिबिनी. पोरांच्या पाठीला दप्तर. सगळ्यांचे डोळे एका मापाचे, हसू एका वळणाचं. वीस वर्षांपूर्वी कळंबच्या दुकानातल्या एका चार्टावरनं उचलली, तेव्हापासून अख्ख्या जिल्ह्यात हीच पाच चाललीयत शाळेला.
आवरताना पारावरच्या बाई उठून जवळ आल्या. बराच वेळ आखणी बघितली.
"ही कुणाची पोरं?"
म्हणालो, कुणाची न्हाईत, चार्टातली आहेत.
"असं व्हय," म्हणाल्या आणि परत पारावर जाऊन बसल्या.
गाडीवर सगळी वाट तेच डोक्यात. कुणाची पोरं.

६ जाने., सोमवार
आज त्या बाई स्टीलच्या तांब्यात चहा घेऊन आल्या. नाव सोजरबाई. मी अक्का म्हणायला लागलो, त्या मला पेंटर म्हणतात.
मी चहा पिऊन होईपर्यंत आखणी बघत होत्या. मग म्हणाल्या, "ह्या पाचात एक माझी रंजी काढता का?"
रंजना. दुसरीत होती. भूकंपात गेली.
फोटो आहे का विचारलं. विचारल्यावर जीभ चावली. घरच गेलं तर फोटो कुठला.
"आन् आमी फोटो काढला तरी कवा होता," म्हणाल्या.
मी म्हटलं, अक्का, कागदावर काढून देतो, फ्रेम करून घरात लावा. भिंत सरकारी, उद्या कुणी चुना मारला तर.
तर म्हणाल्या, "घरात लावला की हार घालावा लागतो. मला हार न्हाय घालायचा तिला. पोरांत असू द्या. शाळा लई आवडायची."
बाईंना विचारतो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो.

७ जाने., मंगळवार
मोरेबाईंना विचारलं. त्यांनी यादी मागून परत बघितली. मग म्हणाल्या, पाच पोरं हवीत, त्यातली एक कुणासारखी का असेना, यादीत बसतंय. फक्त खाली नाव टाकू नका, एकीचं टाकलं तर घराघरातून येतील. बरोबर आहे त्यांचं. ह्या गावात असं घर नाही की ज्यातलं कुणी गेलं नाही.
रात्री जेवताना बायकोला, नि.ला, सांगितलं. आणि त्याच्या मागोमाग जे कधीच सांगितलं नव्हतं तेही सांगून टाकलं.
भूकंपाच्या साली मी पंचवीस वर्षांचा. आम्हा चार पेंटरांना ट्रकमधून इकडंच आणलं होतं, पत्र्याच्या शेडांवर नंबर टाकायला. दिवसभर नुसते आकडे. एका म्हाताऱ्यानं हात धरला. म्हणाला, नंबराच्या खाली माझ्या तिघा नातवंडांची नावं लिही. साहेबांनी बजावलं होतं, नुसते नंबर. ट्रकचा हॉर्न वाजत होता. मी नाही लिहिली. त्यानं तिन्ही नावं दोनदा सांगितली होती, तीही आज आठवत नाहीत.
नि. भाकरी थापत होती, हात थांबला तिचा. म्हणाली, "काढा त्या बाईंची पोरगी."

८ जाने., बुधवार
धाराशिवहून 4B पेन्सिली आणि कोरी वही आणली. किती वर्षांनी. लातूरला चित्रकला शिक्षकाच्या कोर्सला होतो तेव्हा रोज संध्याकाळी एस.टी. स्टँडवर बसून माणसं काढायचो. बिडी ओढणारी, झोपलेली, भांडणारी. एक वर्ष झालं आणि वडील गेले, कोर्स सुटला. मग दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, निवडणुकीच्या भिंती. फ्लेक्स आले, पाट्या गेल्या. शाळा राहिल्या.
माणसाचं तोंड समोर ठेवून काढलं त्याला तीस वर्षं सहज झाली. आज अक्कांचंच काढून बघितलं आधी. हनुवटी जमली. डोळे मेलेल्यासारखे आले. अक्का हसल्या, म्हणाल्या, "ही तर माझी सासू."

९ जाने., गुरुवार
अक्का सांगतात, मी काढतो.
नाक बसकं. कपाळ लहान. रंग बापासारखा सावळा. तीन चित्रं काढली. प्रत्येकावर मान हलवली त्यांनी. रागानं नाही, उलट माझीच समजूत घातल्यासारखी.
"ही चांगली हाय. पण ही रंजी न्हाय."

१० जाने., शुक्रवार
आज म्हणाल्या नाक सरळ होतं, माझ्यासारखं. काल बसकं म्हणाल्या होत्या. मी नवं पान घेतलं.
आणखी चार. नाही.
नकाशा अर्धा. जिल्ह्यांच्या हद्दी रंगवताना बरं वाटतं, कुणी मान हलवत नाही.

१३ जाने., सोमवार
अक्कांचा मुलगा आला भेटायला. दत्ता. भूकंपानंतर दोन वर्षांनी झालेला, म्हणजे तिशीला टेकलेला. दुधाची पिकअप चालवतो. गाडी रस्त्यात उभी करून आला, इंजिन चालू. आई पारावर नव्हती ती वेळ साधून.
भांडायला आला वाटलं, पण आवाज चढवला नाही. म्हणाला, आईला ह्या नादाला लावू नका. वडील होते तोवर ते तिला आवरायचे. ते जाऊन पाच वर्षं झाली, आता कुणाचं ऐकत नाही. तो पहिलीला गेला तेव्हा आई शाळेबाहेर बसून राहायची, सुटेपर्यंत. चौथीपर्यंत रोज. पोरं चिडवायची. पाऊस आला की सगळ्यात आधी त्याला वर्गातून बाहेर काढायची, छप्पर बघायची. ताप आला तर रात्रभर हातावर हात ठेवून. आणि हाक मारताना आधी रंजी म्हणायची, मग दत्ता.
"मी तिला बघितलं पण न्हाय काका. आन् जलमभर ती माझ्या शेजारी बसलेली हाय."
पोरगं खोटं बोलत नव्हतं. म्हणालो, तू नको म्हणत असशील तर थांबतो.
त्यानं गाडीकडं बघितलं. मग, "मी नको म्हणालो असं तिला सांगू नका," आणि गेला.
म्हणजे थांबू की नको?

१४ जाने., संक्रांत
घरीच. तिळगूळ. नि. वाण घेऊन गल्लीत. लेकीचा, वैशूचा, नाशिकहून फोन आला, तिची दवाखान्यात दिवसपाळी होती. पेशंटला तिळगूळ वाटले म्हणाली. साखर असलेल्यांना कसे दिले विचारलं तर हसत बसली.

१५ जाने., बुधवार
अक्का म्हणाल्या, चला, घर दाखवते. जुनं गाव नव्या गावापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर. दुपारी दोघं चालत गेलो. वाटेत हरभरा घाट्यावर आलेला, अक्कांनी डहाळे उपटून माझ्या हातात दिले.
जुन्या गावात बाभळी. दगडांचे ढीग, त्यावर गवत. कुठली गल्ली, कुठला वाडा, मला काही उमगेना. अक्का मात्र वळणं घेत चालल्या, रोजची वाट असल्यासारखी. एका ठिकाणी थांबल्या. उंबऱ्याचा दगड तेवढा जागेवर.
त्यावर बसल्या. मीही खाली बसलो.
त्या रात्रीचं काही बोलल्या नाहीत. आदल्या संध्याकाळचं बोलल्या. गणपती बोळवून आलेले सगळे. रंजी तेलाची वाटी घेऊन आली होती, वेणी घाल म्हणून. अक्कांचे हात दिवसभराचे दुखत होते. म्हणाल्या, उद्या घालू.
मी हरभरा सोलत बसलो, खाल्ला नाही.
मग म्हणाल्या, माझ्याकडं न बघता: "पेंटर, तुमाला खोटं सांगितलं म्या. मला तिचं तोंड आठवत न्हाय. लई वर्सं झाली. पाय आठवत्यात. आवाज आठवतो. तोंड पुसून गेलंय. कुणाला म्हणावं हे? आईला लेकराचं तोंड आठवंना."
आणि थोड्या वेळानं: "वाटलं, तुमी काढत ऱ्हावं. एखादी निघंल तिची. बघितली की वळखंल म्या."
उठताना त्यांनी दगडाला हात लावला. मी पण लावला. का कोण जाणे.

१६ जाने., गुरुवार
अक्का आल्या नाहीत आज. गुडघा धरला असेल, काल चालणं झालं.
मधल्या सुट्टीत पोरं ओळीत खिचडी खात बसलेली. मी पायरीवर वही घेऊन. काल सोडून दिलेलं सगळं, नाक, कपाळ, रंग. काही धरून बसलो नाही. हात चालू दिला.
केस मोकळे, विस्कटलेले. मान खाली, डोळे वर. खालचा ओठ जरा पुढं, काहीतरी मागायच्या बेतात आहे आणि मिळणार नाही हेही ठाऊक आहे.
पाचच मिनिटं लागली. खोडरबर लागला नाही. कुठून आली ठाऊक नाही. बोटं गरम झाली होती. लातूरच्या स्टँडवर व्हायची तशी.

१७ जाने., शुक्रवार
दाखवली. अक्कांनी वही हातात घेतली. लांब धरली, जवळ धरली. अंगठा कागदावरून फिरवला, गालाच्या जागी. पेन्सिल पुसली जराशी.
वही माझ्या मांडीवर ठेवली आणि चालत्या झाल्या. तांब्या तसाच राहिला पारावर.

१८ जाने., शनिवार
नाही आल्या.

२० जाने., सोमवार
आजही नाही. तांब्या धुऊन ऑफिसात ठेवला. बारा महिने लिहून काढले, फेब्रुवारीच्या वेलांटीत चूक झाली, मोरेबाईंनी पकडली. लक्षच नव्हतं. दत्ताचं ऐकायला पाहिजे होतं. म्हाताऱ्या माणसाच्या जिवाशी खेळ झाला.

२१ जाने., मंगळवार
सकाळी दत्ताच्या पिकअपला रस्त्यात गाडी आडवी घातली जवळजवळ. विचारलं, आई कशी आहे. म्हणाला, घरात बसून आहे. रडत नाही, बोलत नाही. काल उठून धपाटे केले, वीसेक. कुणासाठी एवढे विचारलं तर म्हणाली, खा की.
तो पण जरा वेगळा दिसला. काय काढलं होतं तुम्ही, विचारत होता. दाखवलं. वही परत देताना दोन्ही हातांनी दिली.

२२ जाने., बुधवार
अक्का आल्या. धुतलेलं लुगडं, केस विंचरलेले. पारावर बसल्या नाहीत, सरळ भिंतीपाशी.
"तीच हाय," म्हणाल्या. "काढा."
बस्स एवढंच.

२३ जाने., गुरुवार
चार्टातली पाची पोरं पुसून टाकली ओल्या फडक्यानं. एकटी रंजी खरी आणि बाकीची चौघं छापील, असं दिसलं असतं. मोरेबाईंना म्हटलं, शाळेतली चार पोरं समोर बसवा. सगळा चौथीचा वर्ग उभा राहिला. शेवटी बाईंनी चिठ्ठ्या टाकल्या. एकाच्या पुढच्या दातात फट, एकीच्या भुवया जुळलेल्या, एक मिनिटभर नीट बसेना. चौघं मिळाली. आता ती कुणाची पोरं ते सगळ्या गावाला ठाऊक आहे.
रंजी दुसऱ्या नंबरला. आज आखणी. भिंतीला खडबडीतपणा फार, पापणीच्या जागी वाळूचा दाणा. काचकागद मारला.

२४ जाने., शुक्रवार
तोंड रंगवलं. पिवळी माती, तांबूस, पांढरा, आणि थोडा निळा. सावळ्या कातडीत निळा घातल्याशिवाय जीव येत नाही, हे लातूरच्या सरांनी सांगितलेलं. इतकी वर्षं भिंतीवर सगळ्यांना एकच डब्यातला गुलाबी फासत होतो.
अक्का खुर्ची टाकून मागं. मधेच म्हणाल्या, पायात चप्पल काढू नका. अनवाणी जायची. आणि डाव्या पायाचा अंगठा बाहेर वळलेला, बैलगाडीच्या चाकानं. घोट्यावर तीळ, हितं. स्वतःच्या घोट्यावर बोट ठेवून दाखवलं.
पायांबद्दल एकदाही अडखळल्या नाहीत. मी पुसून नव्यानं काढले, त्या सांगतील तसे. चार वेळा. चौथ्यांदा उठून जवळ आल्या. ओल्या रंगाला हात लावणार होत्या, मी थांबवलं नाही. अंगठ्याच्या नखाला त्यांच्या बोटाचा ठसा उमटला. तसाच ठेवला.

२५ जाने., शनिवार
पाची पूर्ण. हात खांद्यापासून दुखतोय. नि. म्हणते, तेल चोळून देते, उद्या मीही येते झेंड्याला. किती वर्षांत माझं काम बघायला आली नाही.

२६ जाने., रविवार
झेंडा झाला. पोरांनी कवायत केली, लाऊडस्पीकर मधेच बंद पडला. ज्या चौघांना भिंतीवर काढलंय ती आपापल्या तोंडाखाली उभी राहून आईबापांना दाखवत होती.
अक्का नि.ला भेटल्या. हात धरून भिंतीपाशी नेलं, "ही माझी रंजी." नि. बघत राहिली. मी लांबून बघत होतो. वाटलं, चित्र आवडलं. मग तिनं अक्कांच्या पाठीवरून हात फिरवला.
परतीच्या वाटेवर बेंबळी जवळ आल्यावर मागून म्हणाली, "अहो, ती आपली वैशू हाय."
मी गाडी बाजूला घेतली.
म्हणाली, तुम्ही सकाळी पेटी बांधून निघायचा तेव्हा दारात उभी राहायची तशी. मला पण न्या म्हणून. पहिली-दुसरीतली. तुम्हाला खरंच कळलं नाही?
नाही कळलं. देवाशपथ. पण ती बोलली आणि दिसलं. ओठ, डोळे, मान. सगळी वैशूच. बाजूनं उसाच्या गाड्या चाललेल्या, आम्ही दोघं खाली उतरून उभे.

२७ जाने., सोमवार
नि.नं जुना अल्बम काढला. वैशू सात वर्षांची, शेजारच्यांच्या लग्नातला फोटो. वही शेजारी ठेवली. दोन्हीत तेच तोंड.
मी पंधरा-वीस वर्षं रोज त्या दारातून निघालो. थांबलो नाही कधी. एकदाही नेली नाही बरोबर, रंगाचा वास, ऊन, शिडी. कारणं खरीच होती. मला वाटलं होतं ते तोंड मी बघितलंच नाही.
आता काय करायचं. अक्कांना सांगायचं? त्या म्हणाल्या, बघितली की ओळखेन. ओळखली. माझ्या लेकीचं तोंड ओळखलं त्यांनी. फसवलं का मी? ठरवून नाही. पण नकळत फसवलं तरी समोरचा फसतोच.
नि. म्हणते सांगू नका. एका आईला लेक मिळाली, तुम्ही कोण काढून घेणार. संध्याकाळी मात्र तिनं वैशूला फोन लावला, उगाच. जेवलीस का, गाडी हळू चालव, रात्रपाळीला सोबत कोण असतं. गेलेल्या पोरीच्या जागी आपल्या पोरीचं तोंड उभं आहे, हे तिला कुठंतरी टोचतंय. बोलत नाही ती.

३० जाने., गुरुवार
व्हार्निशचा हात मारायला गेलो. मोरेबाई सांगत होत्या, अक्का रोज प्रार्थनेच्या आधी येतात, भिंतीपुढं थोडं उभ्या राहतात आणि घरी जातात. दिवसभर पारावर बसायचं बंद झालंय. रानात जायला लागल्यात.
दुपारी दत्ता आला. भिंतीपुढं उभा राहिला, पहिल्यांदाच. बराच वेळ.
"हे नाक आमच्यात कुणाचं न्हाय काका."
माझ्या हातातला ब्रश तसाच. म्हटलं आता सांगून टाकावं. तोंड उघडलं होतं.
तोच पुढं म्हणाला, "पाय बराबर हायत म्हणती आई. दोन टायम जेवती. काल मला हाक मारली, दत्ता म्हणून. पहिल्या फटक्यात."
मग ब्रश माझ्या हातातून घेऊन डब्यात ठेवला, वाळत होता. त्याला कळलंय. किती कळलंय ते विचारलं नाही. त्यानंही नाही.

४ फेब्रु., मंगळवार
ईट गावच्या शाळेचं काम आलंय. त्यांना तीच जुनी पोरं पाहिजेत, मोबाईलवर फोटो पाठवला. म्हटलं, तुमच्याच शाळेतली पोरं काढतो, बसवून. गुरुजी जरा घोटाळले, मग हो म्हणाले. वही भरत आली. काल स्टँडवर बसून दोन म्हातारे आणि एक कंडक्टर काढला. कंडक्टरनं चित्र मागून घेतलं.

८ फेब्रु., शनिवार
वैशू आली चार दिवसांची रजा घेऊन. चहाचा कप खाली ठेवायच्या आत नि.च्या मोबाईलमधले सव्वीस जानेवारीचे फोटो बघत होती. एकावर थांबली.
"बाबा, ही मी ना?"
तिला लगेच कळलं. मला दहा दिवस लागले, तेही सांगितल्यावर.
संध्याकाळी अंगणात बसून सगळं सांगितलं. शेड, म्हातारा, अक्का, उंबऱ्याचा दगड, पाय. ती मधे बोलली नाही. ऐकायची सवय लागलीय तिला कामात. शेवटी विचारलं, ती आज किती वर्षांची असती. म्हटलं, अडतीसच्या पुढं. वैशू सत्तावीस.
मग म्हणाली, "तुम्ही मला कधी नेलं नाही कामावर. उद्या न्या."
तिला समजावलं. तू समोर उभी राहिलीस तर अक्कांना काय वाटेल. त्या वेड्या नाहीत. भिंतीवरची पोर आणि तू, दोन्ही एकाच वेळी बघतील. म्हणाली, कळेल त्यांना तर कळू दे. नाही कळलं तर मी सांगणार नाही. पण त्यांना न भेटता माझं तोंड तिथं ठेवून मी नाशिकला कशी जाऊ?
नि. आतून म्हणाली, नका जाऊ. थोड्या वेळानं बाहेर येऊन म्हणाली, जाणारच असाल तर त्यांना शेंगाची चटणी न्या.

९ फेब्रु., रविवार
सकाळी साडेसात. शाळेला सुट्टी, पण अक्का रविवारीही येतात असं मोरेबाई म्हणाल्या होत्या. ऊन तापायच्या आत पोचू.
झोप नाही लागली नीट. पहाटे एक सुचलं, अक्कांनी विचारलं ही कोण, तर 'माझी लेक' एवढंच म्हणायचं. तेवढं तरी खरं आहे. त्यांनी तोंडाकडं बघितलं आणि पुढं काही विचारलं तर वैशू बोलेल. ती माझ्यापेक्षा बरं बोलते. आणि काहीच विचारलं नाही तर
नि.नं चटणीची पुडी बांधली, दोन. एक दत्ताला.
वैशू दारात उभी आहे. बाबा चला म्हणते. निघतो.